बादलीतला बटाटा आणि घरातील ज्येष्ठ

“डॉक्टरसाहेब, बटाटा खायचा नाही असं तुम्ही सांगितलं होतं. लावायचा नाही असं काही सांगितलं नव्हतं.” तपासणीसाठी आलेल्या सत्तरी ओलांडलेल्या एका आजोबांनी मागच्या वर्षी मला असे सुनावले, तेव्हा माझ्याजवळ उत्तर नव्हते.

आजोबांचा मधुमेह जुना, गुडघे त्याहून जुने. जन्म काळ्या रानात गेला. शेंद्रा आणि बिडकीन मिळून सुमारे दहा हजार एकरांवर ‘ऑरिक’ ही औद्योगिक नगरी उभी राहिली, त्यात त्यांची जमीन गेली. मोबदला मिळाला, घर पक्के झाले; पण पहाटे उठून जायला शिवार उरले नाही. झोप उडाली, जेवणावरची वासना गेली, सुनेशी खटके उडू लागले. अशा रुग्णाला गोळी देता येते, मीही दिली; परंतु दिवसभर रिकाम्या राहिलेल्या हातांवर गोळी नाही. नातवाने कडी तुटलेल्या दोन बादल्या अंगणात आणून ठेवल्या आणि आजोबांनी त्यांत बटाटे लावले. महिन्याभरात झोपेची तक्रार त्यांनी स्वतःहून काढली नाही, हे मी टिपून ठेवले.

आपल्याकडे बटाट्याचे पीक फारसे नाही. महाराष्ट्रात ते मुख्यतः पुणे जिल्ह्यातील खेड-आंबेगावकडचे. तरीही थंडीच्या तीन महिन्यांत ते मराठवाड्यातील अंगणात येते, कारण बटाटा पोसण्यासाठी रात्री गार लागतात. दिवाळीच्या सुमारास लावावा, माघात काढावा. उन्हाळ्यात लावला तर हिरवा पाला भरपूर येतो आणि खाली काहीच नसते. वृद्ध माणसाला तो विरस करू नये.

बियाणे शक्यतो कृषी सेवा केंद्रातून खात्रीचे घ्यावे. ‘कुफरी ज्योती’, ‘कुफरी पुखराज’ अशी नावे तेथे ऐकू येतील. कुफरी हे सिमल्याजवळचे ठिकाण, आणि केंद्रीय बटाटा संशोधन संस्था सिमल्यालाच आहे. अंड्याएवढा बटाटा अखंड लावावा. मोठा असल्यास प्रत्येक फोडीवर दोन-तीन डोळे राहतील असा कापून, फोडी दोन दिवस सावलीत सुकू द्याव्यात. पंधरा-वीस लिटरच्या बादलीला तळाशी सात-आठ भोके पाडावीत. कीटकनाशकाचा किंवा रसायनाचा जुना डबा कितीही धुतलेला असला तरी वापरू नये. आमची काळी माती शेतात सोने, बादलीत मात्र चिखल; पाणी धरून ठेवते आणि बटाटा सडतो. म्हणून एक भाग माती, एक भाग चांगले कुजलेले शेणखत, एक भाग वाळू किंवा नारळाचा भुसा घ्यावा. बादली अर्धीच भरून चार बोटे खोल दोन फोडी लावाव्यात. रोप वीतभर झाले की पुन्हा मिश्रण घालून शेंडा तेवढा उघडा ठेवावा, आणि बादली भरेपर्यंत हे करीत राहावे.

या कामात धोका आहे तो उचलण्याचा. ओल्या मातीने भरलेली बादली वीस किलोंच्या पुढे जाते. ती आधी जागेवर ठेवावी, मग भरावी. भरल्यावर ज्येष्ठांनी हलवू नये. ती भक्कम बाकावर ठेवली तर खुर्चीत बसून काम होते, उकिडवे बसावे लागत नाही. रक्तदाबाच्या गोळ्या घेणाऱ्यांनी वाकून काम केल्यावर एकदम उठू नये. पाणी तांब्याने घालावे. फरशीवर सांडलेले पाणी तत्काळ पुसण्याचे काम घरातील तरुणाने अंगावर घ्यावे. खुब्याचे हाड मोडलेला रुग्ण मी पाहतो तेव्हा बहुधा कारण एवढेच क्षुल्लक असते. मधुमेह्यांनी अनवाणी मातीत जाऊ नये आणि धनुर्वाताची लस राहिली असेल तर घ्यावी.

आता ज्या गोष्टीसाठी हा लेख लिहायला घेतला, ती. आजोबांच्या पहिल्या पिकात वरचे चार-पाच बटाटे हिरवे निघाले. पाणी घालताना वरची माती वाहून गेली होती आणि ते उघडे पडले होते. “घरचे आहेत, टाकायचे कसे?” म्हणून सूनबाईंनी त्यांची भाजी केली. आजींना ती कडवट लागली, तरी त्यांनी ताटात टाकली नाही. रात्री त्यांना उलट्या आणि जुलाब सुरू झाले. पहाटे माझ्याकडे आणले तेव्हा जीभ कोरडी पडली होती. सलाइनने त्या बऱ्या झाल्या. कारण प्रयोगशाळेत सिद्ध करता आले नाही, परंतु मला दुसरे काही दिसले नाही.

उजेड लागला की बटाटा हिरवा होतो. तो हिरवा रंग निरुपद्रवी असतो. पण त्याच्याबरोबर सालीखाली आणि कोंबांत सोलॅनिन नावाचे विष वाढते, आणि ते शिजवून जात नाही. १९६९ साली लंडनमधील एका शाळेत उन्हाळी सत्रातील उरलेले बटाटे खाऊन ७८ मुले आजारी पडली होती. सुदैवाने सर्व बरी झाली. बादलीतील बटाट्याला हा धोका शेतातल्यापेक्षा अधिक, कारण माती थोडी आणि वरचेवर खचणारी. म्हणून दर आठवड्याला मातीची भर द्यावी. थोडासा हिरवा डाग असल्यास तो भाग जाड कापून काढावा. बराच हिरवा, कडू किंवा लांब कोंब फुटलेला बटाटा फेकून द्यावा. पाल्याची भाजी करू नये. फुलानंतर कधी कधी टोमॅटोसारखी छोटी हिरवी फळे लागतात. ती नातवंडांच्या हाती लागण्याआधी खुडावीत.

पाला पिवळा पडू लागला की आठ-दहा दिवस पाणी तोडावे, आणि मग बादली जुन्या चादरीवर उपडी करावी. काढलेले बटाटे अंधाऱ्या, हवेशीर जागी ठेवावेत. खिडकीतली टोपली त्यांची जागा नव्हे.

आणि आजोबांचा प्रश्न? शंभर ग्रॅम बटाट्यात सुमारे सतरा ग्रॅम पिष्टमय पदार्थ असतात, म्हणजे साधारण एका लहान पोळीइतके. मधुमेह्याने बटाटा भाजीत न धरता धान्यात धरावा: खाल्ला तर पोळी कमी, आणि सोबत डाळ, पालेभाजी असावी, तळलेला नको. मूत्रपिंडाच्या रुग्णांचा हिशेब वेगळा. बटाट्यात पोटॅशियम बरेच असते, तेव्हा त्यांनी आपल्या डॉक्टरांना विचारल्याशिवाय खाऊ नये.

आजोबांना मी पंधरवड्यातून एकदा, एक मध्यम बटाटा, असे लिहून दिले. त्यांनी कागद घडी करून खिशात ठेवला आणि विचारले, “बादल्या किती, ते नाही लिहिलं?” यंदा चार आहेत.