परतीची शेवटून दुसरी गाडी

मुंबईहून आलेल्या गाडीचे धुळ्याचे डबे चाळीसगावला तोडायचे आणि शाखामार्गावरून पुढे न्यायचे, हे धुळेकरांच्या चांगलं लक्षात असेल. भलत्याच डब्यात बसलेला माणूस धुळ्याऐवजी जळगाव-भुसावळकडे निघून जायचा. जर्मनीत शिकायला निघालेल्या खानदेशातल्या मुलामुलींनी ही गोष्ट घरातल्या मोठ्यांकडून नीट ऐकून घ्यावी. तिकडे हा प्रकार आजही रोजचा आहे.

म्युनिकहून आल्प्सच्या पायथ्याकडे जाणारी प्रादेशिक गाडी होल्झकिर्शनला तुटते. एक भाग बायरिशझेलकडे जातो. उरलेली गाडी शाफ्टलाखला पुन्हा तुटते आणि तिचे टेगर्नझे व लेंगग्रीस असे दोन फाटे होतात. गाडी एक, फलाट एक, गावं तीन. म्हणून चढण्याआधी डब्यावरची पाटी वाचायची. चूक चढल्यावर कळली, तर गाडी तुटण्याआधीच्या थांब्यावर उतरून योग्य डबा गाठायचा. जोडलेल्या भागांमध्ये आतून ये-जा करता येईलच असं नाही.

शनिवार-रविवारच्या सहलीचा बेत आखताना मुलं आधी ठिकाण ठरवतात. माझ्या मते आधी तिकीट पाहावं, मग परतीची गाडी आणि सगळ्यात शेवटी ठिकाण. विद्यार्थ्याच्या खिशाला हाच क्रम परवडतो. व्हिसासाठी बँकेच्या ब्लॉक खात्यात वर्षाचे 11,904 युरो दाखवावे लागतात आणि त्यातून महिन्याला 992 युरोच हाती येतात. खोलीभाडं, आरोग्यविमा, किराणा सगळं त्यातच.

या हिशेबात बसणारं तिकीट म्हणजे डॉइचलांडटिकेट. मे 2023 मध्ये ते महिन्याला 49 युरोत सुरू झालं, 2025 मध्ये 58 युरोवर गेलं आणि 2026 पासून 63 युरोचं झालं. बऱ्याच विद्यापीठांत त्याचं स्वस्त विद्यार्थी रूप सत्राच्या शुल्कातच मिळतं. प्रवेश घेताना हे विचारून घ्यावं. या तिकिटावर देशभरातल्या प्रादेशिक गाड्या, शहरांतल्या लोकल, ट्राम आणि बस चालतात. आयसीई किंवा आयसीसारख्या लांब पल्ल्याच्या गाड्या मात्र चालत नाहीत. पॅसेंजरचं तिकीट घेऊन सुपरफास्टमध्ये बसलं की टीसी काय करतो, हे खानदेशात कुणाला सांगायला नको. तिथे दंड किमान 60 युरो, म्हणजे जवळपास महिन्याभराच्या तिकिटाएवढा.

वेगवान गाडीचं स्वस्त तिकीट आधी काढून ठेवता येतं, पण ते त्या एकाच गाडीला बांधलेलं असतं. पहिली गाडी उशिरा आल्यामुळे मुक्कामी पोहोचायला 20 मिनिटं किंवा जास्त उशीर होणार असेल, तरच ते बंधन सुटतं. म्हणून डॉइचलांडटिकेटवर जंक्शनपर्यंत जाऊन पुढे वेगळ्या तिकिटावर आयसीई पकडायची असेल, तर मध्ये भरपूर वेळ ठेवा. दोन वेगळी तिकिटं म्हणजे एक सलग प्रवास नव्हे. आणि जर्मन गाड्या घड्याळावर चालतात, हा समज इथेच सोडून जा. 2024 मध्ये तिथल्या लांब पल्ल्याच्या गाड्यांपैकी 62.5 टक्केच वेळेवर धावल्या, आणि सहा मिनिटांच्या आतला उशीर तिथे उशिरात धरतच नाहीत. एका तासाच्या उशिराला भाड्याचा चौथा हिस्सा आणि दोन तासांच्या उशिराला निम्मं भाडं परत मिळतं. तो अर्ज जरूर करावा. बरीच मुलं कंटाळा करतात. मुंबईच्या रविवारच्या मेगाब्लॉकसारखी रुळांची कामंही तिकडे अनेकदा सुट्टीलाच निघतात आणि गाडीऐवजी बस सोडतात. त्यामुळे निघण्याच्या आदल्या रात्री वेळापत्रक पुन्हा पाहायचं.

दोन दिवसांत चार देश करायची हौस मला पटत नाही. त्यात निम्मा वेळ फलाटावर जातो आणि सोमवारच्या तासाला झोप येते. म्युनिकमध्ये राहणाऱ्याने आधी ऑग्सबर्ग पाहावं. प्रादेशिक गाडीने पाऊण तासाच्या आसपास लागतं. तिथे याकोब फुगर या सावकाराने 1521 मध्ये शहरातल्या गरिबांसाठी वसवलेली फुगराय ही वस्ती आहे. आजही तिथे लोक राहतात आणि वर्षाचं भाडं 88 सेंट आहे. एवढ्या एका वस्तीत अर्धा दिवस सहज जातो. पुढच्या सुट्टीला साल्झबुर्ग. ते ऑस्ट्रियात असलं, तरी तिथल्या मुख्य स्थानकापर्यंत हेच तिकीट चालतं.

मात्र तिथून परतताना जर्मन पोलीस गाडीत कागदपत्रं तपासू शकतात. शेंगेन गटात आता 29 देश आहेत. जर्मनीच्या निवास परवान्यावर त्यांतल्या इतर देशांत 180 दिवसांत 90 दिवसांपर्यंत फिरता येतं, पण मूळ पासपोर्ट आणि परवाना दोन्ही जवळ हवेत. मोबाइलमधल्या फोटोवर भागत नाही. ब्रिटन आणि आयर्लंड या गटात नाहीत.

रविवारी जर्मनीत दुकानं बंद असतात; मोठ्या स्थानकांतली काही उघडी सापडतात, पण महाग. दशम्या आणि शेंगदाण्याची चटणी बरोबर असली की दुपार निघते. ऑक्टोबर आणि मार्चच्या शेवटच्या रविवारी घड्याळ एक तास सरकतं. त्या दिवशीचं तिकीट काढताना तेवढं ध्यानात ठेवा.

रविवारी रात्रीची शेवटची गाडी धरायचा बेत कधीही करू नका. लहान गावांत ती चुकली की सकाळपर्यंत दुसरी नसते. शेवटून दुसरी गाडी धरा, शेवटची अडीनडीला राहू द्या. घरच्यांनाही एक विनंती आहे: मुलांकडे फोटो मागण्याआधी परतीच्या गाडीची वेळ मागा. त्यांचे रात्रीचे दहा म्हणजे आपल्याकडे उन्हाळ्यात दीड आणि हिवाळ्यात अडीच. तेव्हा फोनची वाट पाहत जागू नका. पोहोचल्याचा निरोप लिहून ठेवायला त्यांना निघण्यापूर्वीच सांगा.