बालाघाटावरची जीप

मेहकरात एखादी जुनी जीप विकावयास निघाली, की तिच्याभोवती जमणाऱ्या मंडळींत दोन प्रकृतीची माणसे हटकून आढळतात. काही जण रंगाची चकाकी, नवे रुंद टायर आणि बंपरवर चढविलेले दिवे पाहून प्रसन्न होतात. तर काही जण, बहुधा वयाने वडील आणि हातांना ग्रीजची सवय असलेले, सरळ जमिनीवर बसून गाडीच्या पोटाखाली डोकावतात आणि पुढच्या धुऱ्यास जाणारा दांडा अद्याप जागेवर आहे की कोणी काढून भंगारात घातला, एवढेच प्रथम पाहतात. प्रस्तुत लेखकाची सहानुभूती या दुसऱ्या वर्गाकडे आहे; कारण हे यंत्र ज्या गुणासाठी या मुलखात आले, तो गुण त्या दांड्यात आणि त्याला जोडलेल्या दंतचक्रांत वसलेला आहे.

मुलूख कसा, हे आधी सांगितले पाहिजे. वऱ्हाडाचे पयनघाट आणि बालाघाट असे जे दोन भाग परंपरेने मानले जातात, त्यांपैकी मेहकर बालाघाटातले. पैनगंगेच्या काठी वसलेले हे गाव ‘ऐन-ए-अकबरी’त एका सरकारचे, म्हणजे मोगली प्रशासकीय विभागाचे, ठाणे म्हणून नोंदले गेले, इंग्रजी अंमलात काही काळ संपूर्ण जिल्ह्यासच मेहकरचे नाव होते आणि 1867 पासून तो मान बुलढाण्याकडे गेला. मात्र लोहमार्ग आला तो खाली पयनघाटातून, मलकापूर-नांदुरा-शेगावच्या वाटेने. त्याची एक शाखा 1870 साली खामगावपर्यंत पोहोचली आणि तेथेच थांबली. तेव्हापासून घाटावरच्या माणसाला रेल्वे गाठावयाची तर आधी घाट उतरणे आले. गावातून शिवारात जाणारी वाट म्हणजे पांदण, आणि पांदणीतील माती म्हणजे काळी, कपाशीची, उन्हाळ्यात हातभर भेगाळणारी आणि मृगाच्या पहिल्या सरींबरोबर फुगून चिकट होणारी. या मातीचा चिकणा कण पाणी पिऊन फुगतो, चाकाच्या नक्षीत भरून बसतो, आणि मग खोल दातांचा टायरही गुळगुळीत लाकडासारखा जागच्या जागी फिरत राहतो. पाऊस लागला की बैलबंडीसुद्धा तेथे आसापर्यंत रुतते.

ज्या यंत्राने या मातीशी टक्कर घ्यावयाची होती, त्याचा जन्म मात्र अगदी वेगळ्या प्रयोजनातून झाला. 1940 साली युरोपातील युद्ध पाहून अमेरिकी सैन्याने एक हलकी, चारही चाकांना शक्ती पोहोचविणारी टेहळणी गाडी मागितली. बँटम नावाच्या लहानशा कंपनीसाठी कार्ल प्रॉब्स्ट या अभियंत्याने तिचा आराखडा विलक्षण वेगाने सिद्ध केला आणि पहिला नमुना 23 सप्टेंबर 1940 रोजी लष्कराच्या हवाली झाला. पुढे विलिस कंपनीने आपले साठ अश्वशक्तीचे इंजिन देऊन त्या कल्पनेला बळ आणले, फोर्डनेही त्याच आराखड्यावर गाड्या केल्या, आणि युद्ध संपेतो अशा सहा लाखांहून अधिक जीप बाहेर पडल्या.

1945 साली जगदीशचंद्र आणि कैलासचंद्र हे महिंद्र बंधू आणि मलिक गुलाम मोहंमद यांनी जी पेढी काढली, तिने लवकरच विलिसच्या सुट्या भागांतून जीप जोडण्यास आरंभ केला. गुलाम मोहंमद फाळणीनंतर पाकिस्तानचे पहिले अर्थमंत्री झाले, आणि 1948 साली पेढीचे नाव ‘महिंद्रा अँड महिंद्रा’ असे झाले. आपल्याकडे ‘जुनी जीप’ म्हणून जी डोळ्यांपुढे उभी राहते, ती बहुतेक विलिसच्या ‘सीजे थ्री बी’ या नमुन्याची. तिचे कपाळ इतके उंच का, याचे उत्तर इंजिनात आहे: विलिसचे अभियंते बार्नी रूस यांच्या देखरेखीखाली तयार झालेल्या या ‘हरिकेन’ इंजिनात हवा आत घेणारी झडप वरच्या डोक्यात आणि धूर बाहेर टाकणारी झडप खाली ठोकळ्यात बसविली, त्यामुळे तेवढ्याच 2.2 लिटर आकारातून साठाऐवजी बहात्तर अश्वशक्ती मिळाली, परंतु इंजिनाची उंची वाढली आणि बॉनेटलाही वर उचलावे लागले. अमेरिकेत ही आकृती 1968 साली थांबली. जपानात मित्सुबिशीने ती 1998 पर्यंत चालविली, आणि आपल्याकडे तिच्या वंशातील गाड्या, पुढे डिझेल इंजिन घेऊन, कित्येक दशके निघत राहिल्या.

आता त्या पोटाखालच्या सरंजामाकडे वळू. गिअरपेटीच्या मागे एक दुसरी पेटी असते आणि तिचे दोन लहान दांडे चालकाच्या पायाशी उभे असतात. एकाने पुढचा धुरा शक्तीशी जोडता किंवा तोडता येतो. दुसऱ्याने वेगवान आणि मंद अशा दोन पंक्तींपैकी एक निवडता येते. योजना अशी, की पुढचा धुरा जोडल्यावाचून मंद पंक्ती पडतच नाही, जेणेकरून वाढलेला सगळा जोर एकट्या मागच्या धुऱ्यावर येऊन तो तुटू नये. पहिला गिअर, मंद पंक्ती आणि धुऱ्याचे दंतचक्र या तिन्हींचा गुणाकार केला, तर इंजिनाच्या सुमारे सदतीस फेऱ्यांमागे चाकाची एक फेरी होते. अशा वेळी गाडी माणसाच्या चालीहून हळू सरकते, परंतु सरकत राहते, आणि चिखलात हे सरकत राहणे म्हणजेच सर्वस्व असते. या व्यवस्थेला मर्यादाही आहे. पुढच्या आणि मागच्या धुऱ्यांमध्ये फरक सामावून घेणारे डिफरन्शियल नसल्याने कोरड्या डांबरी सडकेवर ‘फोर व्हील टाकून’ वळणे घेतली, तर धुऱ्यांकडे जाणारे दांडे आणि त्यांच्या सांध्यांतील क्रॉस पिळवटून निघतात. आणि प्रत्येक धुऱ्याचे एकेक चाक हवेत गेले, तर सगळी शक्ती त्या हवेतील चाकांतच वाया जाऊन जीप निमूट उभी राहते. म्हणून जाणता चालक नाल्यात उतरण्यापूर्वीच, कोरड्यावर असताना, दोन्ही दांडे टाकून घेतो. रुतल्यावर टाकणारा नवशिका समजावा.

मेहकरासारख्या तालुक्यात ही गाडी खाजगी मालमत्ता म्हणून क्वचितच आली. ती आली राज्ययंत्रणेचे वाहन म्हणून. 2 ऑक्टोबर 1952 रोजी समुदाय विकास कार्यक्रम सुरू झाला आणि विकास गटाच्या मंजूर सरंजामात जीपची तरतूद झाली. पुढे वसंतराव नाईक समितीच्या शिफारशींवरून झालेला जिल्हा परिषद आणि पंचायत समिती अधिनियम 1 मे 1962 पासून अमलात आला, तेव्हा गटविकास अधिकारी आणि त्याची जीप ही जोडी ग्रामीण महाराष्ट्राच्या परिचयाची झाली. हुकूम आणि दरखास्ती ज्या दप्तरात पडून राहत, त्या दप्तराला जणू चाके लागली. पिकांची आणेवारी, गारपिटीचा पंचनामा, मलेरियाची फवारणी, देवीची लस, मतपेट्यांची ने-आण, ही सारी कामे पांदणीतूनच होणारी होती. 1972 च्या दुष्काळात खडी फोडणाऱ्या हजारो हातांची हजेरी आणि मजुरी तपासावयाची, तर ज्या रस्त्याचे काम चालू आहे तो तयार होण्यापूर्वीच त्यावरून जाणारे वाहन हवे होते.

या गाडीचे स्वागत सर्वकाळ आनंदानेच झाले, असे म्हणणे सत्याला धरून होणार नाही. धान्याच्या लेव्हीच्या दिवसांत आणि विशेषतः आणीबाणीतील नसबंदीच्या मोहिमेत, दूरवर जीपचा आवाज आला की माणसे गाव सोडून वावरात निघून जात. औषधही तिच्यातूनच आले आणि सक्तीही तिच्यातूनच. तथापि अडलेल्या बाळंतिणीला रात्री तालुक्याच्या दवाखान्यात पोहोचविणारी तीच एक गाडी, अशीही गावे या पठारावर होती, आणि हे ऋण नोंदविल्याशिवाय तिचा परिचय पुरा होणार नाही.

सैन्यातील तिची कीर्ती सर्वश्रुत आहे. 1965 च्या युद्धात खेमकरण क्षेत्रात हवालदार अब्दुल हमीद यांनी पॅटन रणगाडे उद्ध्वस्त केले, ते जीपवर बसविलेल्या तोफेने.

आज परिस्थिती पालटली आहे. नागपूर ते शिर्डी हा समृद्धी महामार्गाचा टप्पा 11 डिसेंबर 2022 रोजी खुला झाला आणि मेहकरास त्यावर चढण्या-उतरण्याची सोय मिळाली. सरकारी खात्यांच्या पंधरा वर्षांवरील वाहनांची नोंदणी 1 एप्रिल 2023 पासून संपुष्टात आणून ती मोडीत काढण्याचा नियम झाल्याने, सरकारी लिलावात जीप घेण्याचा जुना मार्गही बंद होत आला आहे. जी विकावयास येते ती आता एका खाजगी हातातून दुसऱ्या हातात जाते, आणि तिच्या कागदांचा इतिहास तिच्या पत्र्याइतकाच ठिगळांचा असतो. पेट्रोल परवडेना म्हणून मूळ इंजिन काढून मॅटाडोरचे डिझेल इंजिन बसविलेल्या जीप पुष्कळ आहेत. तो बदल आरसी पुस्तकात चढलेला नसेल, तर चौकटीवर ठोकलेला क्रमांक आणि इंजिनाचा क्रमांक यांचा मेळ बसत नाही आणि बुलढाण्याच्या परिवहन कार्यालयात हस्तांतर अडते. 2021 च्या नियमांनुसार पन्नास वर्षांवरील, मूळ स्वरूपात राखलेल्या वाहनाला ‘व्हीए’ अक्षरांचा स्वतंत्र क्रमांक मिळू शकतो. परंतु अशी गाडी नित्याच्या वापरास चालत नाही, प्रदर्शन, फेरी किंवा दुरुस्ती अशा मोजक्या कारणांपुरतीच रस्त्यावर आणता येते. जिला शेतात न्यावयाचे आहे, तिची साधी नोंदणी आणि योग्यता प्रमाणपत्र यांचेच नूतनीकरण करून घेणे श्रेयस्कर.

रुंद टायरांविषयी मला स्पष्टच सांगावेसे वाटते. मूळचा अरुंद, सोळा इंची टायर काळ्या मातीचा थर कापून खालच्या मुरमावर पाय टेकतो. शोभेसाठी चढविलेला रुंद टायर त्या थरावर तरंगत राहतो आणि तेथेच फिरतो. शिवाय त्याच्या वजनाने पुढच्या चाकांच्या सांध्यांतील तेलाची सीले फाटतात आणि सुकाणूचा खेळ वाढत जातो. पुढचा धुरा काढून टाकलेली आणि बाहेरून नटविलेली जीप स्वस्तात मिळाली, तरी ती घेऊ नये. पाटे बसलेले, हूड फाटलेले, पण दोन्ही दांडे शाबूत असलेली मिळाली, तर मिस्तरीला सोबत घेऊन जावे. खाली वाकून पाहावे, की मागचे डिफरन्शियल मध्याच्या एका बाजूला आहे ना. मधोमध असेल तर मागचा सगळा सरंजाम बदललेला आहे. मग विकणाऱ्याची परवानगी घेऊन गाडी पावसानंतरच्या पांदणीत न्यावी, मिस्तरीला बाहेर उभे करून दोन्ही दांडे टाकावेत, क्लच हळू सोडावा, आणि पुढची चाके स्वतः माती मागे फेकतात की मागच्यांच्या जोरावर नुसती ढकलली जातात, हे त्याच्या तोंडून ऐकून मगच किमतीची गोष्ट काढावी.