परतीची वेळ आधी

सहलीचा विषय निघाला की पहिला प्रश्न ठरलेला असतो, "निघायचे किती वाजता?" दुसरा, "डब्यात कोणी काय आणायचे?" परतायचे किती वाजता, हे सहसा कोणी विचारीत नाही. मीही विचारीत नव्हतो. ती सवय मला एका ओढ्याने लावली.

रायगड जिल्ह्यातील भिरा या गावाजवळ देवकुंड नावाचा धबधबा आहे. कुंडलिका नदीचा उगम येथे मानतात. पुण्याहून मुळशी, ताम्हिणी घाटमार्गे भिऱ्यास पोचायला सुमारे तीन तास लागतात. मुळशीच्या तलावाचे पाणी मोठ्या नळांतून खाली सोडून १९२७ पासून भिऱ्याला वीज तयार होते. घाटमाथा आणि हे गाव यांच्या उंचीत किती फरक आहे, याची कल्पना त्यावरूनच यावी. गावापासून धबधबा सुमारे सहा किलोमीटर. प्रथम धरणाच्या पाण्याकडेने सपाट वाट, मग दाट झाडी, मधून ओढे आणि अखेरीस मोठमोठे धोंडे. अवघड म्हणावी अशी ही वाट नाही, आणि फसगत होते ती नेमकी त्यामुळेच.

ऑक्टोबरच्या पहिल्या आठवड्यात आम्ही सहाजण तेथे गेलो. निघायला उशीर झाला. भिऱ्याहून चालू लागलो तेव्हा अकरा वाजून गेले होते. जाताना एक ओढा घोट्याएवढ्या पाण्यातून हसत-खेळत ओलांडला. कुंडापाशी जेवलो, गाणी म्हटली. तीनच्या सुमारास घाटमाथा काळा झाला, पण आमच्या डोक्यावर ऊनच होते, म्हणून कोणी उठले नाही. चार वाजता त्याच ओढ्यापाशी आलो, तर पाणी मांडीपर्यंत चढलेले, गढूळ, आणि त्यातून फांद्या वाहत चाललेल्या. आमच्यातील दोघे हात धरून उतरणार होते. बरोबरच्या वाटाड्याने त्यांना सरळ मागे ओढले आणि म्हणाला, "बसा गुमान. चढलंय तसं उतरंल." अडीच तास बसलो. उरलेली वाट एका बॅटरीच्या उजेडात काढली. फोनला रेंज नव्हती. मध्यरात्री घरी पोचलो, तेव्हा एका मैत्रिणीचे वडील रस्त्यावर येऊन उभे होते. ते काही बोलले नाहीत, आणि तेच आम्हांला अधिक लागले.

नंतर शांतपणे विचार केला, तेव्हा चूक ओढ्याची नव्हती हे कळले. सह्याद्रीचा काळा कातळ पाणी फारसे जिरवीत नाही. कडे उभे, ओढे आखूड; माथ्यावर पडलेली सर थोड्याच वेळात खाली येते, मग खाली ऊन का असेना. परतीचा पाऊस बहुधा दुपारनंतर गडगडाटासह येतो. शिवाय पाण्याचा वेग दुप्पट झाला की त्याचा रेटा चौपट होतो; म्हणूनच गुडघाभर पाणीही धडधाकट माणसाला पाडू शकते. ३० जून २०२४ रोजी लोणावळ्याला भुशी धरणामागील धबधब्यात एकाच कुटुंबातील पाचजण वाहून गेले, ते अशाच वाढत्या पाण्यात मधोमध अडकून. पाणी गढुळले, पालापाचोळा वाहू लागला किंवा आवाज वाढला, की काठ सोडून उंचावर जावे आणि पाणी उतरेपर्यंत थांबावे. पावसाळ्यात प्रशासनाने मनाई केली असेल, तर तिला पळवाट शोधू नये.

पुढची सहल आम्ही नोव्हेंबरच्या मध्यावर ठरवली आणि या वेळी हिशेब उलटा मांडला. नेस्मिथ नावाच्या स्कॉटिश गिर्यारोहकाने १८९२ मध्ये एक आडाखा दिला. आजच्या मापात तो असा: पाच किलोमीटरला एक तास, आणि सहाशे मीटर चढाला आणखी एक तास. सहा किलोमीटरला बहात्तर मिनिटे. चढ दोनशे मीटर धरला तर वीस मिनिटे. एकूण सुमारे दीड तास. पण हा आडाखा सराईत माणसाचा. आम्ही आठजण, वाटेत धोंडे आणि ओढे, म्हणून दुप्पट केला: तीन तास. जाणे तीन, थांबणे एक, येणे तीन. उतरताना वेळ वाचेल असे धरले नाही, कारण थकलेले पाय घसरतात. त्या दिवसांत सूर्य सहाच्या सुमारास मावळतो आणि झाडीत साडेपाचलाच अंधारून येते. एक तास हाताशी राखून गावात साडेचारला परतायचे, म्हणजे निघायचे साडेनऊला. आणि मुख्य नियम: दुपारी दीड वाजता जेथे असू तेथून मागे फिरायचे.

प्रत्येकाकडे दोन लिटर पाणी, पोळी-भाजी, गूळ-शेंगदाणे, बॅटरी, शिट्टी आणि कोरडा सदरा. सर्वांत मिळून दोरी व मलमपट्टी. गावातला वाटाड्या. घरी एक कागद: कोण कोण जात आहे, कोणत्या वाटेने, आणि रात्री नऊपर्यंत फोन आला नाही तर ११२ वर कळवावे.

एवढे करूनही एकाच्या जुन्या बुटाचा तळ निघाला. दोरीने बांधून तो लंगडत चालला. दीड वाजला तेव्हा धबधब्याचा आवाज कानावर येत होता, पण धबधबा दिसत नव्हता. "पंधरा मिनिटांचा तर प्रश्न!" असे म्हणून सगळे माझ्याभोवती जमले. मी कागद पुढे केला. येथवर चार तास लागले, परतीलाही चार लागणार. म्हणजे साडेपाच, राखलेला तास येथेच संपला. आणखी पंधरा मिनिटे जायला, पंधरा यायला, ती अंधारातून काढावी लागणार होती. बराच वाद झाला. अखेर फिरलो. गावात पोचलो तेव्हा साडेपाचला पाच मिनिटे कमी होती आणि मागची झाडी काळी झाली होती.

आमच्यातील तिघांनी देवकुंड अजून पाहिलेले नाही, आणि त्यांचा माझ्यावरचा राग पुरता गेलेला नाही. तेव्हा डिसेंबरात पुन्हा जायचे ठरले आहे. पुण्याहून अर्धा तास लवकर निघायचे आणि बूट आदल्या दिवशी तपासायचे. दीडचा नियम मात्र तोच राहील.