पाटी आधीं कीं हात आधीं?

गांवांत काय किंवा शहरांत काय, मुलास शाळेंत घातलें कीं आईबापांचा पहिला प्रश्न हाच कीं, तें लिहूं कधीं लागेल? तीन वर्षांच्या पोरानें पानभर अक्षरें गिरविलीं म्हणजे फी वसूल झाली! उलट तेंच मूल शाळेंत मातीचे गोळे करतें, चिंचोके मोजतें, असें कळलें म्हणजे 'आम्हीं यास खेळावयास का पाठविलें?' असा सवाल येतो. या सवालाचें उत्तर स्पष्ट शब्दांत देणें आम्हांस अवश्य वाटतें.

आमच्या व्यापारी वाचकांनीं स्वतःच्याच अनुभवाकडे पाहावें. पाव, अर्धा व पाऊण किलो यांतील भेद त्यांस पुस्तकानें शिकविला, कीं तराजूच्या पारड्यानें? दुकानांत डाळ तोलणाऱ्या मुलास तो भेद आधीं मनगटास कळतो. आंकडा मागाहून येऊन त्यास नांव देतो. शाळेनें हा क्रम उलटा केला, आणि मग पाढे पाठ असूनही हिशेब कां चुकतो म्हणून आपण नवल करतों!

हा विचार आजकालचा नव्हे. भावनगरचे गिजुभाई बधेका आमच्याच धंद्यांतले. वकिली सोडून १९१६ सालीं ते दक्षिणामूर्ति संस्थेंत गेले व १९२० सालीं त्यांनीं बालमंदिर काढलें. त्यांच्या सहकारी ताराबाई मोडक यांनीं १९४५ सालीं डहाणू तालुक्यांतील बोर्डी येथें बालशिक्षणाचें काम आरंभिलें. पुढें १९५७ सालीं तें अनुताई वाघ यांच्यासह कोसबाडच्या टेकडीवर नेलें. मॉन्टेसोरीबाईंचीं साधनें खेड्यास परवडणारीं नव्हतीं. म्हणून बिया, पानें, माती, शंख-शिंपले यांचींच साधनें झालीं. मुलें शाळेंत येईनात, तेव्हां शाळा आंगणांत गेली. गुरें राखणाऱ्यांसाठीं कुरणांत गेली. धाराशिव जिल्ह्यांतील तामलवाडीसही मुंबईच्या दुकानांतून कांहीं मागविण्याचें कारण नाहीं. ज्वारीचे दाणे, चिंचोके, तुराट्या, चिपाडें व ओली माती एवढें भांडवल पुरे. चिपाडांची बैलगाडी जुळविणारें पोर लांबी, जाडी व तोल शिकत असतें. माती मळणारीं बोटें पेन्सिल धरण्याची तयारी करीत असतात. आम्ही पाटीचे शत्रू नव्हे. पाटीची वेळ यावी, इतकेंच आमचें म्हणणें.

आतां कायद्याकडे वळूं. २००२ सालच्या घटनादुरुस्तीनें सहा ते चौदा वर्षांच्या मुलांस शिक्षणाचा मूलभूत हक्क मिळाला. सहाच्या आंतील बालकांसाठीं मात्र सरकारनें 'प्रयत्न करावा' एवढ्यावरच घटना थांबते. २००९ सालच्या शिक्षणहक्क कायद्याचें ११ वें कलम तीन वर्षांवरील मुलांसाठीं सरकार तजवीज 'करूं शकेल' म्हणतें. 'करील' म्हणत नाहीं. २०२० सालचें राष्ट्रीय धोरण तीन ते आठ हीं वर्षें शिक्षणाचा पाया मानून खेळ व कृति यांवर भर देतें. परंतु धोरणावर फिर्याद लावतां येत नाहीं, हक्कावर येते. या दोन शब्दांमधील अंतरांत गरिबाचें मूल उभें आहे. श्रीमंताचें मूल फी भरून पलीकडे जातें.

तो शब्द बदलण्याची मागणी आमच्या प्रतिनिधींपुढें ठेवणें हें नागरिकांचें काम होय. तोंवर व्यापाऱ्यांनीं गांवच्या आंगणवाडीस एक जुना तराजू, चार वजनें व पसाभर धान्य द्यावें, आणि आईबापांनीं मूल घरीं आल्यावर 'आज काय लिहिलेंस?' याऐवजीं 'आज काय केलेंस?' असें विचारावें. यास ना सरकारी मंजुरी लागते, ना वर्गणी.