चार दरवाजे, एक वाट

टेबलाभोवती चार-पाच जण बसतात आणि बोलता बोलता एक साहसकथा रचतात, असा हा खेळ. एक जण सूत्रधार असतो. ते जग, त्यातले राक्षस, गावकरी, सगळे त्याच्या तोंडून बोलतात. बाकीच्यांकडे प्रत्येकी एक पात्र: कुणी योद्धा, कुणी जादूगार, कुणी वाटाड्या. घेतलेली उडी साधली की फसली, ते वीस बाजूंचा फासा सांगतो. गॅरी गायगॅक्स आणि डेव्ह आर्नेसन यांचा ‘डंजन्स अँड ड्रॅगन्स’ १९७४ साली आला आणि हा प्रकार रुजला. त्यातले किल्ले बहुधा युरोपीय वळणाचे असतात, पण चंद्रपूरच्या खेळाडूंना इतकं लांब जायची गरज नाही. गोंड राजांनी बांधलेला परकोट त्यांच्या शहराभोवतीच आहे. त्याला जटपुरा, अंचलेश्वर, पठाणपुरा आणि बिनबा असे चार दरवाजे आहेत, शिवाय पाच खिडक्या. दरवाजावर हत्तीला नमवणारा सिंह कोरलेला. तर्काचं कोडं मांडायला याहून चांगली जागा कुठली?

गोष्ट अशी धरू. नगराला शाप लागला आहे. चारही दरवाजे सताड उघडे दिसतात, पण आत जायची वाट एकातच आहे. बाकीच्या तिघांतून शिरलेला माणूस फिरून बाहेरच येतो. प्रत्येक दरवाजावरचा दगडी सिंह एकेक वाक्य बोलतो.

जटपुऱ्याचा सिंह म्हणतो, “वाट बिनब्यातून आहे.”
अंचलेश्वराचा म्हणतो, “वाट जटपुऱ्यातून आहे.”
पठाणपुऱ्याचा म्हणतो, “वाट माझ्यातून नाही.”
बिनब्याचा म्हणतो, “वाट माझ्यातून नाही.”

चौघांपैकी एकच खरं बोलतो. तर मग वाट कुठली?

इथे अंदाज मारून उपयोग नाही, एकमेकांना छेद देणारी दोन वाक्यं शोधायची. जटपुरा म्हणतो वाट बिनब्यातून, बिनबा म्हणतो माझ्यातून नाही. ही दोन्ही एकदम खरी असू शकत नाहीत आणि दोन्ही एकदम खोटीही असू शकत नाहीत. म्हणजे जो एक खरं बोलतो तो या दोघांतलाच आहे. मग अंचलेश्वर आणि पठाणपुरा खोटे ठरले. “माझ्यातून नाही” हे पठाणपुऱ्याचं म्हणणं खोटं, म्हणजेच वाट पठाणपुऱ्यातून आहे. खरं बोलणारा निघाला बिनबा. खऱ्या-खोट्याच्या अशा कोड्यांवर रेमंड स्मलियन या तर्कशास्त्रज्ञाने १९७८ मध्ये एक अख्खं पुस्तक लिहिलं. सूत्रधाराने ते जरूर वाचावं.

कोडं सुचलं की लगेच टेबलावर आणू नये, आधी ते तपासावं. वाट एकेका दरवाजातून आहे असं धरून किती वाक्यं खरी ठरतात ते मोजायचं. वाट जटपुऱ्यातून धरली तर तीन खरी, अंचलेश्वरातून धरली तर दोन, बिनब्यातून धरली तरी दोन, आणि पठाणपुऱ्यातून धरली तर एकच. म्हणजे ‘एकच खरा’ या नियमाला उत्तर एकच आहे. ‘दोघे खरे’ असा नियम दिला असता तर दोन उत्तरं निघाली असती आणि खेळाडूंचं भांडण रास्त ठरलं असतं. ही मोजणी कागदाच्या एका कोपऱ्यात मावते, पण ती न केल्याने चांगल्या चांगल्या रात्री वाया जातात.

यापुढचं काम जास्त नाजूक आहे. ‘एकच खरा’ हा नियम सूत्रधाराने स्वतःच्या आवाजात सांगून टाकला, तर खेळ थांबतो आणि शाळेतला पेपर सुरू होतो. नियम त्या जगातच सापडायला हवा: हत्तीच्या पायाशी कोरलेली ओळ, शाप लागलेल्या पहारेकऱ्याचं बरळणं, राणीने मागे ठेवलेलं पत्र. तिन्ही ठेवावेत, कारण खेळाडूंच्या हातून दोन हमखास सुटतात.

दुसरी अडचण फाशाची. जादूगार अतिबुद्धिमान आहे, पण त्याच्यामागे बसलेला मुलगा दमलेला आहे, त्याला काही सुचत नाही. फासा टाकून उत्तरच देऊन टाकलं तर बाकीच्यांचा आनंद जातो, आणि फासा टाकूच दिला नाही तर त्या पात्राची बुद्धी फुकट जाते. माझ्या मते फाशाने इशारा द्यावा, उत्तर देऊ नये. चांगलं दान पडलं तर सांगावं, “जटपुरा आणि बिनबा एकमेकांच्या विरुद्ध बोलतायत, हे तुझ्या लक्षात येतं.” पुढचा विचार माणसांनी करावा.

आणि कोडं सुटलंच नाही तर? इथे वेताळपंचविशी आठवावी. विक्रमाने बरोबर उत्तर दिलं की वेताळ झाडावर परत जातो, आणि शेवटच्या प्रश्नाला राजा निरुत्तर झाला तेव्हाही गोष्ट पुढेच सरकते. कोड्यापाशी कथा अडून बसता कामा नये. परकोटाच्या पाच खिडक्यांपैकी एकीचं नावच चोर खिडकी आहे. हरलेल्यांना तिथून आत सोडावं, पण किंमत घेऊन: पहाट होत आलेली, मशाली विझलेल्या, शत्रू सावध झालेला. हरण्याची किंमत असली की कोड्याला वजन येतं.

परकोटाबाहेर गडचिरोलीच्या बाजूला निघालं की कोड्यांचा पोत बदलतो. वैनगंगा एकंदरीत दक्षिणेकडे वाहते, पण मार्कंड्याच्या देवळापाशी तिचा प्रवाह उत्तरेकडे वळतो. ‘तीन कोस प्रवाहाबरोबर जा’ असं लिहिलेला जुना नकाशा हाती आला, तर नदी दक्षिणेलाच जाणार हे गृहीत धरणारा गट भलतीकडे पोचेल. कोडं उत्तम आहे, पण प्रामाणिक तेव्हाच, जेव्हा पात्रं काठावर उभी असताना सूत्रधार पाण्याची दिशा वर्णनात सांगतो. चामोर्शीच्या मुलाला ती ठाऊक असेल, पुण्याच्या पाहुण्याला नसेल. दोघांना सारखीच संधी मिळायला हवी.

वाघ, शेळी आणि गवत डोंग्यातून पलीकडे न्यायचं कोडं मात्र सगळ्यांना पाठ असतं. ते वापरायचं तर त्यात एखादी अट वाढवावी आणि मोजणी पुन्हा करावी.

एक गोष्ट मी आग्रहाने सांगेन. या जंगलात गोंड, माडिया माणसं राहतात, त्यांचे देव आजही पुजले जातात. त्यांना राक्षस किंवा भुयारातले पहारेकरी करू नये. शाप, सिंह, राणी हे सगळं आपण रचावं. नद्या, दरवाजे आणि दिशा तेवढ्या खऱ्या घ्याव्यात.

हाच गट पुन्हा खेळायला बसला तर सिंहांची वाक्यं तशीच ठेवता येतात. फक्त कोरलेल्या ओळीत ‘एकच खरा’ऐवजी ‘तिघे खरे’ लिहायचं. मग वाट जटपुऱ्यातून निघते, आणि जुनं उत्तर पाठ करून आलेला खेळाडू पठाणपुऱ्यातून शिरून पुन्हा बाहेर येतो.