घराचा विमा : भाव फ्लॅटचा नको, बांधकामाचा धरा

26 जुलै 2005 च्या पुरात उपनगरांतल्या तळमजल्यांवरचे संसार बघता बघता पाण्यात गेले. तरी घराच्या विम्याचं नाव काढलं की आपण आधी विचारतो, "हप्ता किती?" त्याआधी विचारा, "विमा किती रकमेचा?"

समजा, मुंब्र्यात तुमचा 600 चौरस फूट कार्पेटचा फ्लॅट 50 लाखांचा आहे. या भावात जमिनीची किंमतही आली. आणि जमीन काही जळत नाही. बांधकामाचा खर्च फुटाला 2,500 रुपये धरला, तर 15 लाखांचा विमा पुरतो. 50 लाखांवर हप्ता भरणं म्हणजे पैसे वाया.

1 एप्रिल 2021 पासून घराचा विमा देणाऱ्या कंपन्यांना 'भारत गृह रक्षा' ही एकसारखी पॉलिसी ठेवावीच लागते. आग, पूर, भूकंप त्यात येतात. शिवाय इमारतीच्या रकमेच्या 20 टक्के, जास्तीत जास्त 10 लाख, एवढं सामानालाही संरक्षण मिळतं. वरच्या घराला 3 लाख.

म्हणून दोन-तीन कंपन्यांना एकच रक्कम सांगा, मग हप्ते ताडून पाहा. गृहकर्ज असेल, तर बँकेमार्फत काढलेली पॉलिसी मागून वाचा. विमा घराच्या बांधकामाचा आहे की फक्त कर्जाच्या रकमेएवढा, हे आजच बघून घ्या.