पारसिकच्या पलीकडे आवाज

२६ जुलै २००५. चोवीस तासांत सांताक्रूझला ९४४ मिलिमीटर पाऊस झाला. कुलाब्यात जेमतेम ७३. मुंबईसारख्या एकाच शहरात इतका फरक, आणि घरचं माणूस नेमकं कुठे अडकलंय हे विचारायला फोन लागत नव्हता. अनेक भागांत वीज गेली, तिच्यामागोमाग मोबाईलही गेले.

नवी मुंबईला हा धोका परका नाही. सिडकोने शहराचा बराच भाग खाडीकाठच्या सखल जमिनीवर वसवला आणि पावसाचं पाणी साठवायला धारण तलाव केले. भरतीच्या वेळी खाडीकडची दारं मिटतात. त्याच वेळी मुसळधार पाऊस आला, तर तलाव भरत राहतात.

अशा दिवशी मोबाईल टॉवरवाचून बोलू शकतो तो हॅम, म्हणजे परवानाधारक हौशी रेडिओचालक. जानेवारी २००१ च्या भूकंपानंतर भुजमध्ये हॅम मंडळींनी संदेशवहन उभं केलं. डिसेंबर २००४ मध्ये हॅम भारती प्रसाद आणि त्यांचे सहकारी हौशी प्रसारणासाठी पोर्ट ब्लेअरला गेले होते. त्सुनामी आली आणि त्यांचं केंद्र अंदमानातली खुशाली मुख्य भूमीपर्यंत पोचवू लागलं. ते हे करू शकले, कारण यंत्रं आधीच जोडलेली होती आणि हात सरावलेले होते.

म्हणून नवख्याने आधी रेडिओ सेट नव्हे, परवाना मिळवावा. दूरसंचार विभागाची डब्ल्यूपीसी शाखा त्यासाठी परीक्षा घेते आणि वयाच्या बाराव्या वर्षापासून ती देता येते. रेडिओचं तंत्र आणि नियम यांवर प्रश्न असतात. वरच्या श्रेणीसाठी मोर्सही लागतं. उत्तीर्ण झाल्यावर परवान्यासोबत स्वतःचं कॉल साइन, म्हणजे प्रसारणातली ओळख, मिळतं. ऑनलाइन स्वस्त वॉकीटॉकी सहज मिळतात, पण हॅमच्या बँडवर परवान्याशिवाय प्रसारण करणं बेकायदा आहे.

सेट पाच वॅटचा, हातात मावणारा, १४४ ते १४६ मेगाहर्ट्‌झचा पुरे. वॅट वाढवण्यात पैसे घालू नयेत. ते अँटेनात घालावेत. सेटसोबत येणारी आखूड रबरी अँटेना घरात फारच दुबळी पडते. जुन्या टीव्हीच्या चपट्या, दोन तारांच्या वायरपासून साधारण दीड मीटरची ‘जे-पोल’ अँटेना घरी बनते. ती गुंडाळून पिशवीत राहते आणि गच्चीवर काठीला टांगता येते. केबल मात्र आखूड हवी. नेहमीच्या बारीक केबलच्या दहा मीटरमध्ये या बँडवर एक तृतीयांशाच्या आसपास शक्ती वाया जाते, आणि हे दुकानदार सहसा सांगत नाही.

वीज हा दुसरा प्रश्न. संगणकाच्या यूपीएसमधली १२ व्होल्ट, ७ अँपिअर-तासांची बॅटरी चालते. सेट तिला थेट जोडू नये. त्याला लागतो तेवढाच व्होल्टेज देणारा कन्व्हर्टर मध्ये घालावा. तासात पाचेक मिनिटं बोलणं आणि उरलेला वेळ ऐकणं, एवढ्या वापरात निम्मी बॅटरी दहा-बारा तास पुरते. बॅटरीला फ्यूज हवाच. बाकी सामान साधं: घट्ट झाकणाचा डबा, हेडफोन, टॉर्च, परवान्याची प्रत, वही आणि पेन्सिल. शाई ओली झाली की फुटते, पेन्सिल टिकते. संदेश कुणाचा, कुणाला, किती वाजता आणि नेमके शब्द काय, हे लिहूनच पुढे द्यायचं असतं. तोंडी निरोपात फ्लॅटचा नंबर बदलला, तर मदत भलत्याच दारात जाते.

१४४ ते १४६ मेगाहर्ट्‌झच्या लहरी बहुतांशी सरळ रेषेत जातात, आणि शहराच्या पाठीशी पारसिकचा डोंगर उभा आहे. उंचावरचा रिपीटर एका फ्रिक्वेन्सीवर ऐकतो, दुसरीवर पुन्हा प्रसारित करतो, त्यामुळे डोंगराची आडकाठी बरीच कमी होते. पण रिपीटरलाही वीज लागते. म्हणून जूनआधीच कोरड्या दिवशी वाशी, बेलापूर, खारघर, पनवेल इथून रिपीटरशिवाय एकमेकांना हाक देऊन पाहावी. आवाज कुठे तुटतो, कोणत्या गच्चीवरून पुन्हा लागतो, हे नकाशावर टिपून तो नकाशा डब्यात ठेवावा. सोसायटीच्या सेक्रेटरींकडून गच्चीच्या किल्लीची परवानगीही त्याच आठवड्यात घ्यावी. पूर आल्यावर किल्ली शोधत फिरायला वेळ नसतो.